जुन्या फ्रिजमधला गॅस आणि नव्या फ्रिजभोवतीचं थर्मोकोल

गेल्या अंकात ओझोनचा थर आणि वेष्टनाचं प्लास्टिक या दोन विषयांवर प्रश्न मागवले होते. पत्रं वाचताना जाणवलं, की बहुतेकांना एकच गोष्ट विचारायची आहे : सरकारच्या नियमांनी खरंच काही होतं का? मी 1981 साली फ्रिजदुरुस्तीच्या कामाला लागलो. एकतीस वर्षं हातात पाना आणि ब्रेझिंगची ज्योत होती, पुढे तेच काम मुलांना शिकवलं. नियम येण्याआधी काम कसं चालायचं आणि नंतर कसं चालू लागलं, हे दोन्ही मी केलेलं आहे. उत्तरं त्या अनुभवातूनच देतो.

प्रश्न : आमचा फ्रिज आईच्या वेळचा आहे. आता गार होत नाही. मेकॅनिक म्हणतो, ‘यात बारा नंबरचा गॅस आहे, तो बंद झाला, दुसरा भरून देतो.’ बंदी असलेला गॅस घरात असणं बेकायदा आहे का? आणि दुसरा भरू द्यावा का?

उत्तर : बेकायदा नाही, निश्चिंत राहा. बारा नंबरचा गॅस म्हणजे सीएफसी घराण्यातला, क्लोरीन असलेला आणि ओझोन तोडणारा वायू. ओझोनचा थर वाचवायला देशांनी 1987 मध्ये केलेल्या मॉन्ट्रियल करारात ‘वापर’ हा शब्द हिशेबाचा आहे : देशात बनलेला गॅस, अधिक आयात, वजा निर्यात. त्यामुळे बंदी आली ती गॅस बनवण्यावर आणि बाहेरून आणण्यावर, चालू असलेल्या यंत्रावर नाही. श्रीमंत देशांत ही बंदी 1996 पासून लागू झाली, बाकीच्या देशांत 2010 पासून. तुमच्या फ्रिजमधला गॅस त्याआधीचा आहे.

फ्रिज गार होत नाही म्हणजे नळ्यांतला बराचसा गॅस बहुधा आधीच निघून गेला आहे. पण फ्रिजच्या भिंतींतही गॅस आहे, हे कुणी सांगत नाही. त्या काळी भिंतींमधला फोम अकरा नंबरच्या सीएफसीने फुगवत. कॉम्प्रेसरच्या नळ्यांत शंभर-दीडशे ग्रॅम गॅस असायचा, फोममध्ये साधारणपणे त्याहून जास्त. फ्रिज भंगारात गेला, घणाने फोडला, की तो गॅस सुटू लागतो. म्हणून तो टाकायची वेळ येईल तेव्हा फोमसकट शास्त्रशुद्ध सुटा करणारं केंद्र शोधा. कबाडात सर्वांत आधी तांबं निघतं आणि गॅसचा विचार कुणी करत नाही.

इथे मला माझी एक गोष्ट सांगायची आहे. सुरुवातीची दहा-बारा वर्षं आम्ही प्रोसेस ट्यूब, म्हणजे गॅस भरायची नळी, कापायचो आणि उरलेला गॅस सरळ हवेत सोडायचो. कॉम्प्रेसर जळाला असेल तर नळ्या आतून धुवायला अकरा नंबरचं द्रव वापरायचं आणि तेही उडून जाऊ द्यायचं. वास नाही, धूर नाही, हाताला फक्त गार लागतं. मला ज्यांनी शिकवलं त्यांनी असंच शिकवलं आणि मीही पुढच्या मुलांना तसंच दाखवलं. बारा नंबरचा गॅस हवेत सरासरी शंभर वर्षं टिकतो. चाळीस वर्षांपूर्वी माझ्या हातून सुटलेल्या गॅसपैकी सुमारे दोन तृतीयांश आजही वर आहे. हा हिशेब मी पहिल्यांदा मांडला त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता दुसऱ्या गॅसबद्दल. बाराच्या जागी आलेला 134-ए हा गॅस ओझोनला धक्का लावत नाही, पण तो जुन्या कॉम्प्रेसरमधल्या खनिज तेलात मिसळत नाही. तेल बदलल्याशिवाय भरला तर कॉम्प्रेसर फार दिवस टिकणार नाही. शिवाय हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक आहे, म्हणून 2016 मध्ये किगाली शहरात मॉन्ट्रियल करारात केलेल्या बदलानंतर त्या घराण्यातले वायूही टप्प्याटप्प्याने कमी करायचे आहेत. दुसरा पर्याय ज्वालाग्राही हायड्रोकार्बनचा. नव्या फ्रिजमध्ये 600-ए म्हणजे आयसोब्युटेन असतो. तिथे गॅस फार थोडा लागतो आणि स्विच, थर्मोस्टॅट ठिणगी गॅसपर्यंत पोहोचणार नाही असे केलेले असतात. तुमच्या जुन्या फ्रिजमध्ये दिव्याचा स्विच आतच आहे. त्यात असा गॅस भरू देऊ नका, मेकॅनिक कितीही ओळखीचा असो.

त्याला तीन गोष्टी विचारा. गळती कुठे आहे ते सापडलं का? भरण्याआधी व्हॅक्यूम पंप किती वेळ लावणार? आत उरलेला गॅस सिलिंडरमध्ये काढून घेणार की सोडणार? गळती न शोधताच जो गॅस भरायला निघतो, तो दोन महिन्यांनी पुन्हा येणार आहे.

प्रश्न : थर्मोकोलमुळे ओझोनचा थर विरतो असं आम्ही शाळेत मुलांना सांगतो. ते बरोबर आहे ना?

उत्तर : बाई, हे आता पाठातून काढून टाका. यात दोन वेगळे पदार्थ एकत्र झाले आहेत. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात कोपऱ्यांना येतं, बोटाने मणी सुटतात, ते थर्मोकोल पॉलिस्टायरीनचे दाणे वाफेवर फुगवून करतात. फुगवणारा वायू असतो पेंटेन. त्यात क्लोरीनच नाही, तेव्हा ओझोनशी त्याचं वैर असण्याचा प्रश्न येत नाही.

दुसरा पदार्थ म्हणजे पातळ, गुळगुळीत फोमच्या पत्र्यापासून दाबून केलेले डबे आणि तबकं. ती मात्र एकेकाळी बारा नंबरच्या सीएफसीने फुगवत. अमेरिकेत त्याविरुद्ध लोकांनी आवाज उठवला आणि 1988 मध्ये तिथल्या अशा वेष्टनाच्या उत्पादकांनी सीएफसी सोडण्याचं मान्य केलं. तुमच्या पाठातलं वाक्य त्या काळातून आलं असावं.

मुलांना हीच गोष्ट पुढे नेऊन सांगता येईल. डब्यातला गॅस बदलला, डबा तोच राहिला. आकार तोच, वजन तेवढंच, एकदा वापरून फेकणं तेच. ओझोनचा प्रश्न त्या डब्यातून निघून गेला आणि कचऱ्याचा प्रश्न त्याच डब्यात बसून आहे. थर्मोकोलमध्ये पंच्याण्णव टक्क्यांहून अधिक हवा असते. ट्रक भरून पाठवलं तर ट्रक मुख्यतः हवाच वाहतो, म्हणून ते गोळा करून पुन्हा वितळवायला कुणी पटकन तयार होत नाही. जागच्या जागी दाबून त्याच्या विटा करणारं यंत्र असेल तरच ते परवडतं. युरोपीय संघाने जुलै 2021 पासून या पदार्थाचे खाण्यापिण्याचे डबे आणि पेले बाजारात आणायला बंदी केली. खोक्यातले कोपरे त्या बंदीत नव्हते.

प्रश्न : आमचा छोटा पॅकिंगचा व्यवसाय आहे. फिल्मचे रोल विकत घेतो आणि त्यात दुसऱ्यांचा माल भरून देतो. वेष्टनाचे नियम सारखे बदलतात : कधी जाडी, कधी छपाई, कधी नोंदणी आणि दाखले. प्लास्टिक बनवतो दुसराच, कागद आम्ही भरायचे. ओझोनचे नियम आले तेव्हा तुम्हा मेकॅनिक लोकांनाही असंच पिळलं गेलं का?

उत्तर : तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं, कारण 1990 च्या दशकात मी असंच बोलत होतो. हो, त्रास झाला. जुना गॅस मिळेनासा झाला, नव्याला तेल वेगळं, गेज वेगळी, गॅस काढून घ्यायला रिकव्हरी मशीन. नकली सिलिंडर आले : वर एक नाव, आत भलतंच मिश्रण. आमच्यातले काही जण त्यात भाजले.

तरीही एक मोठा फरक होता. तो नियम आमच्यापासून सुरू झाला नाही. ‘मेकॅनिकने गॅस सोडू नये’ एवढंच कायद्यात लिहून जगभरचे मेकॅनिक पकडत बसले असते, तर ओझोनचा थर आज कुठे असता? त्यांनी आधी कारखान्यावर हात ठेवला. सीएफसी बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या होत्या. कोण किती टन बनवतो याची नोंद, दरवर्षीची मर्यादा, आणि करारात नसलेल्या देशाशी या मालाचा व्यापार बंद. 1987 च्या मूळ करारात फक्त निम्मी कपात होती, तीही शतकाच्या अखेरपर्यंत. 1990 मध्ये लंडनला ठरलं की 2000 पर्यंत पूर्ण बंद. 1992 मध्ये कोपनहेगनला ती तारीख श्रीमंत देशांसाठी 1996 वर आणली. ठरलेली कपात आणखी कडक करायची तर प्रत्येक संसदेची नवी मंजुरी लागत नाही. दोन तृतीयांश मतं मिळाली की ती सगळ्यांना लागू, अशी तरतूद करारातच आहे. 1988 मध्ये सर्वांत मोठ्या उत्पादकाने, ड्यूपाँने, आपण सीएफसी बंद करणार असं जाहीर केलं. ‘याला पर्याय नाही’ हे वाक्य त्याआधी सगळ्यांनी ऐकलं होतं. पुढे कायदा येणार हे नक्की झाल्यावर पर्याय सापडत गेले.

पैशाचं म्हणाल तर लंडनलाच बहुपक्षीय निधी ठरला. गरीब देशांनी कारखाने आणि यंत्रं बदलायची तर खर्च श्रीमंतांनी द्यायचा. भारत आणि चीन तोपर्यंत बाहेर थांबले होते. भारत 1992 मध्ये आत आला. मी ज्या प्रशिक्षणात गॅस काढून घ्यायला शिकलो, ते अशाच पैशातून झालेलं होतं. पहिल्या दिवशी मी मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसलो होतो. तिसऱ्या दिवशी मशीन स्वतः चालवून पाहिलं आणि परत आल्यावर पुन्हा कधी ट्यूब उघड्या हवेत कापली नाही.

आता तुमच्या फिल्मकडे येऊ. जगात दरवर्षी चाळीस कोटी टनांहून अधिक प्लास्टिक बनतं आणि त्यातलं एक तृतीयांशाहून जास्त वेष्टनाला जातं. वेष्टनाचं आयुष्य बहुतेकदा सहा महिन्यांपेक्षा कमी. 2015 पर्यंत जगात निघालेल्या एकूण प्लास्टिक कचऱ्यापैकी सुमारे 9 टक्केच पुन्हा वापरात आला. तरी नियम लावले जातात ते पिशवीला, स्ट्रॉला, दुकानाला, पॅक करणाऱ्याला. प्लास्टिकचे कच्चे दाणे बनवणाऱ्या कारखान्याच्या दाराशी टनांची मर्यादा घालणारा जागतिक नियम नाही. तुमची तक्रार इथपर्यंत मला शंभर टक्के मान्य आहे.

पण जाडीचा नियम निरर्थक नाही. कचरा वेचणाऱ्या माणसाला पैसे किलोवर मिळतात. अगदी पातळ पिशव्या एक किलो व्हायला शेकड्यांनी उचलाव्या लागतात, म्हणून त्या कुणी उचलत नाही, गटारात जातात. पिशवी जाड झाली की ती उचलण्याजोगी होते. नोंदणीमागची कल्पना ‘विस्तारित उत्पादक जबाबदारी’ची आहे : माल ज्याच्या नावाने विकला जातो त्याने वेष्टन परत गोळा होण्याचा खर्च उचलायचा. जर्मनीने 1991 मध्ये हे कायद्याने सुरू केलं. तिथला हिरवा ठिपका म्हणजे ‘याचं शुल्क भरलं आहे’ एवढंच, आणि लोक त्याचा अर्थ ‘याचा पुनर्वापर होतो’ असा घेत राहिले. बाणांच्या त्रिकोणातल्या आकड्याचंही तसंच. तो 1988 मध्ये प्लास्टिकची जात ओळखायला काढला. सात आकडा, म्हणजे ‘इतर’ जात, असलेल्या वस्तूवर त्रिकोण असतो, म्हणून तिचं पुढे काही होईल असं नाही.

तुमच्या हातात काय आहे, तर रोल निवडणं. पॉलिएस्टर, अ‍ॅल्युमिनियम आणि पॉलिथिन चिकटवून केलेली बहुथरी फिल्म चकाकते, माल टिकवते, पण ते थर पुन्हा सुटे करणं इतकं कटकटीचं आहे की ती बहुतेक ठिकाणी जाळलीच जाते. ज्या मालाला हवा आणि ओलावा अडवायला एवढा बंदोबस्त लागत नाही, त्याला एकाच जातीची फिल्म घ्या. छपाई कमी करा. खोकं मालापेक्षा दुप्पट मोठं असेल तर ग्राहकाला तसं सांगा. युरोपचा फेब्रुवारी 2025 मध्ये अमलात आलेला वेष्टन कायदा 2030 पर्यंत सगळं वेष्टन पुनर्वापरयोग्य करायला सांगतो आणि वाहतुकीच्या खोक्यात निम्म्याहून जास्त जागा रिकामी ठेवायला मनाई करतो. निर्यात करणाऱ्यांमार्फत हे सगळीकडे पोहोचणार आहे, तेव्हा आजपासून सवय केलेली बरी.

प्रश्न : मग प्लास्टिकचा मॉन्ट्रियल करार का होत नाही?

उत्तर : प्रयत्न चालू आहे. मार्च 2022 मध्ये नैरोबीत संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत ठराव झाला आणि 2024 च्या अखेरीस करार हातात यायचा होता. दक्षिण कोरियातल्या बुसानच्या बैठकीत झाला नाही, ऑगस्ट 2025 मध्ये जिनिव्हालाही झाला नाही. मुख्य अडसर उत्पादनाचाच. शंभराहून अधिक देशांना उत्पादन कमी करण्याचं कलम हवं आहे. तेल आणि पेट्रोरसायनांवर जगणाऱ्या काही देशांना करार फक्त कचऱ्यापुरता हवा आहे. निर्णय सर्वसहमतीने व्हावेत की मतदानाने, यावरही घोडं अडलेलं आहे.

प्लास्टिक हे सीएफसीपेक्षा अवघड प्रकरण आहे, हे मी मान्य करतो. उत्पादक पुष्कळ, जाती शेकडो, उपयोग हजारो. शिवाय हवेचा एक गुण प्लास्टिकला नाही : हवा चोरी लपवत नाही. 2018 मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की अकरा नंबरचा सीएफसी अपेक्षेइतका कमी होत नाहीये, कुणीतरी तो नव्याने बनवतंय. दक्षिण कोरिया आणि जपानमधल्या मापन केंद्रांच्या नोंदींवरून पुढच्या वर्षी माग पूर्व चीनपर्यंत गेला, कारवाई झाली आणि प्रमाण पुन्हा उतरलं. समुद्रातल्या पिशवीवरून कारखान्यापर्यंत असं जाता येत नाही. म्हणूनच माझं मत आहे, की मोजायचं ते कारखान्याच्या दाराशी. तिथे टन मोजता येतात.

प्रश्न : आमच्या गोदामात परदेशी माल येतो त्या लाकडी पॅलेटवर ‘एमबी’ किंवा ‘एचटी’ असा शिक्का असतो. याचा ओझोनशी संबंध आहे असं ऐकलं.

उत्तर : आहे, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. लाकडातून कीड एका देशातून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून पॅलेटवर प्रक्रिया सक्तीची आहे. ‘एचटी’ म्हणजे लाकडाच्या गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सियस उष्णता किमान तीस मिनिटं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी. हा वायू ओझोन खातो. शेतीतला त्याचा वापर करारानुसार श्रीमंत देशांनी 2005 पर्यंत, इतरांनी 2015 पर्यंत थांबवायचा होता, पण माल पाठवण्याआधीच्या धुरीला सूट राहिली. युरोपीय संघाने 2010 मध्ये तीही बंद केली. तुम्ही खरेदीदार आहात, तेव्हा ऑर्डरमध्ये ‘पॅलेट एचटीच हवी’ ही एक ओळ घालू शकता. नक्की घाला.

प्रश्न : ‘विघटनशील’ लिहिलेली पिशवी घ्यावी का?

उत्तर : नुसता तो शब्द असेल तर नाही. साध्या प्लास्टिकमध्ये रसायन घालून जी तुकडे तुकडे होते, तिचं बारीक प्लास्टिकच उरतं. युरोपने अशा पिशव्यांवर बंदी घातली आहे. ‘कंपोस्टयोग्य’ आणि सोबत मानकाचा क्रमांक असेल तर ती खरोखर कुजते, पण त्यासाठी साधारण 58 अंशांचा कारखानी ढीग लागतो. कुंडीत किंवा ओढ्यात ती तशीच पडून राहते.

प्रश्न : काका, मी दहावीत आहे. ओझोनचं भोक बुजलं असं एका व्हिडिओत पाहिलं. खरंच बुजलं का?

उत्तर : अजून नाही बाळा, पण ते बुजायच्या वाटेवर आहे. ते भोक म्हणजे अंटार्क्टिकावर दर सप्टेंबर-ऑक्टोबरात पडणारा विरळ पट्टा. तिथल्या हिवाळ्यात उंचावर उणे 78 अंशांखाली ढग बनतात, त्या ढगांच्या कणांवर सीएफसीमधला क्लोरीन मोकळा व्हायला तयार होतो आणि वसंतातलं पहिलं ऊन पडताच ओझोन तोडू लागतो. फार्मन, गार्डिनर आणि शँक्लिन या तिघा ब्रिटिश शास्त्रज्ञांनी 1985 मध्ये हे जगाला सांगितलं. सीएफसी ओझोनला घातक आहे हे मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी 1974 मध्येच मांडलं होतं.

अलीकडच्या बहुतेक वर्षांतही त्या पट्ट्याचा कमाल पसारा दोन कोटी चौरस किलोमीटरच्या वर गेला आहे. थंडी जास्त पडली की तो वाढतो, म्हणून एका वर्षाचा आकडा पाहून ‘बुजलं’ किंवा ‘बिघडलं’ म्हणता येत नाही. करार असाच पाळला गेला तर अंटार्क्टिकावरचा ओझोन 1980 च्या पातळीला साधारण 2066 मध्ये येईल, बाकी बहुतांश जगावरचा 2040 च्या सुमारास. 2066 मध्ये तू पंचावन्नच्या पुढे असशील.

नासा दररोज ओझोनचा नकाशा प्रसिद्ध करते. या सप्टेंबरपासून दर रविवारी त्यातला निळा-जांभळा भाग किती पसरला आहे ते वहीत काढून ठेव आणि डिसेंबरात तो मिटला की मला पत्र लिही. नकाशे सोबत पाठव, मी जपून ठेवीन.